पडद्यावर काळाच राहणारा काळा : लघुपटाच्या रेखाटनांसाठी लुमोग्राफ ब्लॅक पेन्सिली

माझ्या मित्राने त्याच्या लघुपटात वर्तमानातील प्रसंग कॅमेऱ्याने चित्रित केले आहेत आणि नायिकेच्या आठवणी मात्र पेन्सिलीच्या स्थिर चित्रांतून सांगितल्या आहेत. ही रेखाटने मी केली, आणि त्यांतील गडद भागाचे जवळजवळ सगळे काम स्टेडलर कंपनीच्या मार्स लुमोग्राफ ब्लॅक या पेन्सिलींनी झाले. या पेन्सिलींबद्दल चित्रकारांनी बरेच लिहिले आहे, परंतु ते बहुतेक कागदावरच्या, भिंतीवर टांगायच्या चित्राच्या संदर्भात असते. चित्र शेवटी कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून जाऊन पडद्यावर उमटणार असेल, तर पेन्सिलीची पारख वेगळ्या निकषांवर करावी लागते. त्या निकषांवर ही पेन्सिल कशी उतरते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

प्रथम ओळखीचा घोळ दूर केलेला बरा. न्यूरेम्बर्ग येथे १८३५ साली स्थापन झालेल्या या कंपनीची निळ्या दांडीची मार्स लुमोग्राफ पेन्सिल चित्र काढणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हातात धरलेली असते. १०एच या अत्यंत कठीण ग्रेडपासून १२बी या अत्यंत मऊ ग्रेडपर्यंत तिचे एकूण २४ ग्रेड मिळतात. लुमोग्राफ ब्लॅक ही तिची काळ्या दांडीची भावंड असून तिचे एचबी, २बी, ४बी, ६बी, ७बी आणि ८बी एवढेच ग्रेड आहेत. दोघींची नावे सारखी असल्यामुळे दुकानात एकीऐवजी दुसरी घेतली जाण्याची शक्यता असते, आणि ग्रेड तोच असला तरी कागदावर दोघींचे वागणे अगदी निराळे असते. निळ्या पेन्सिलीचे शिसे नेहमीप्रमाणे ग्रॅफाइट आणि मातीचे असते, तर काळ्या पेन्सिलीच्या शिशात कार्बनचे प्रमाण जास्त ठेवलेले असते. पुढचे सगळे गुणदोष या एका फरकातून येतात.

ग्रॅफाइट चमकते, हे आपण शाळेच्या वहीपासून पाहत आलो आहोत. निकोला-झाक काँते याने १७९५ साली ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून ती भाजण्याची पद्धत शोधली आणि मातीच्या प्रमाणावरून शिशाचा कठीणपणा ठरू लागला, पण ग्रॅफाइटचा मूळ स्वभाव त्याने बदलला नाही. ग्रॅफाइटचे कण चपट्या पापुद्र्यांचे असतात. हात दाबून एकावर एक थर चढवले की हे पापुद्रे कागदावर आडवे निजतात आणि त्यांचा मिळून एक गुळगुळीत, प्रकाश परावर्तित करणारा पृष्ठभाग तयार होतो. म्हणजे चित्राचा जो भाग सर्वांत काळा व्हावा म्हणून आपण सर्वांत जास्त मेहनत घेतो, नेमका तोच भाग तिरप्या उजेडात राखाडी दिसू लागतो. चित्र हातात धरून पाहणारा माणूस कागद थोडा कलता करतो आणि चमक टाळतो. कॅमेऱ्याला ती सोय नसते, आणि प्रेक्षकाला तर मुळीच नसते. कार्बनचे कण मात्र प्रकाश एका दिशेला न परतवता बराचसा शोषून घेतात आणि उरलेला इतस्ततः विखरून टाकतात, त्यामुळे त्यांचा काळा रंग कोणत्याही कोनातून काळाच दिसतो.

हा फरक एका चित्रात फार स्पष्ट झाला. रात्रीचा रेल्वे फलाट, छताला लोंबणारा एकच दिवा, त्याच्या उजेडात बाकावर बसलेली मुलगी आणि तिच्यामागे पूर्ण अंधार, असे ते दृश्य होते. कॅमेरा संपूर्ण फलाटावरून सुरू होऊन हळूहळू मुलीच्या हातातील पिशवीपर्यंत जवळ जाणार होता. हे चित्र चाचणीसाठी आधी नेहमीच्या ग्रॅफाइटच्या ८बी पेन्सिलीने केले होते. कागदावर ते उत्तम दिसत होते, परंतु पडद्यावर मुलीमागचा अंधार धुरकट झाला आणि त्यात पेन्सिल ज्या ज्या दिशेने फिरली होती, ते सगळे फटकारे चकाकत्या रेघांच्या रूपाने वर आले. संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून अंधार गडद करता आला, पण तसे करताच मुलीच्या गालावरची हलकी छटाही करपली. तेच दृश्य लुमोग्राफ ब्लॅकच्या ७बी आणि ८बी पेन्सिलींनी पुन्हा रेखाटले, तेव्हा अंधाराला काही दुरुस्तीच करावी लागली नाही. दिव्याभोवतीचे वलय, त्यापलीकडचा झाकोळ आणि त्याही पलीकडचा पूर्ण काळोख असे तीन टप्पे वेगवेगळे दिसले, आणि कॅमेरा जवळ गेला तरी ते तसेच राहिले. संकलकाने त्याच्या मागच्या चित्रित प्रसंगातील काळ्या रंगाशी हा काळा जुळवून पाहिला, तेव्हा दोन्हींमधला सांधा जवळपास दिसेनासा झाला. माझ्या मते या पेन्सिलीचे खरे मोल येथे आहे. प्रत्यक्ष चित्रण आणि रेखाटन शेजारी शेजारी येणाऱ्या लघुपटात प्रेक्षकाची नजर आधी काळ्या रंगाची तुलना करते. रेखाटनातला काळा फिका पडला, तर आठवणीचा प्रसंग एखाद्या वहीचे पान दाखवल्यासारखा वाटतो.

ग्रेडांविषयी थोडे सांगायला हवे. एचबी आणि २बी या दोन्ही पेन्सिली रेषेसाठी चांगल्या आहेत. त्यांची रेषा ग्रॅफाइटपेक्षा किंचित कोरडी आणि ठाम येते, पेन्सिल कागदावरून घसरत नाही, उलट कागद तिला थोडी धरून ठेवतो. ४बी ही सर्वाधिक उपयोगी पडणारी पेन्सिल आहे, कारण कपड्यांच्या चुण्या, केस, झाडांचे बुंधे अशा मध्यम गडद गोष्टी तिच्या टोकाने आणि तिच्या बाजूने अशा दोन्ही रीतींनी करता येतात. ६बीपासून पुढे या पेन्सिली कोळशाच्या स्वभावाकडे झुकू लागतात. ७बी आणि ८बी यांतला फरक मला फार मोठा वाटला नाही. मोठा अंधार भरायचा असेल तर ८बी लवकर काम उरकते, आणि अंधाराची कड नेमकी हवी असेल तर ७बी बरी पडते. दोन्हींचे टोक भराभर झिजते. टोक वारंवार काढावे लागते आणि शार्पनरमध्ये जोर लावला तर मऊ शिसे तुटते, म्हणून धारदार पात्याने लाकूड हळूहळू सोलून शिसे लांब उघडे ठेवणे आणि मग वाळूकागदावर घासून टोक घडवणे हीच पद्धत मला योग्य वाटते. कोणत्याही मऊ पेन्सिलीला ती लागू पडते.

मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, कारण काही कामांत त्या अडचणीच्या ठरतात. कार्बनची रेषा ग्रॅफाइटइतकी स्वच्छ खोडली जात नाही. हलक्या हाताने ओढलेली रेषा मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने उचलता येते, परंतु दाबून भरलेला ८बीचा काळा एकदा कागदाच्या तंतूंत बसला की त्याची करडी सावली राहतेच. त्यामुळे या पेन्सिलीने थेट चित्र सुरू करू नये. आधी एच किंवा २एच ग्रॅफाइटने अगदी फिकट आखणी करावी, दिग्दर्शकाला ती दाखवावी, चौकटीची रचना त्याच्याकडून पक्की करून घ्यावी आणि मगच काळ्या पेन्सिलीला हात घालावा. लघुपटाच्या कामात याला विशेष महत्त्व आहे. मुलगी डावीकडे बघते की उजवीकडे, हे मागच्यापुढच्या दृश्यांवर अवलंबून असते आणि संकलनाच्या टेबलावर ते बदलू शकते.

दुसरी मर्यादा या दोन पदार्थांच्या मिश्रणातून येते. ग्रॅफाइटचा थर दाबून गुळगुळीत केलेला असेल, तर त्याच्यावर कार्बनची पेन्सिल नीट चढत नाही. ती घसरते आणि ठिगळासारखे डाग पडतात. म्हणून जेथे काळोख हवा आहे ती जागा आखणीच्या वेळीच मोकळी सोडावी, तेथे आधी कार्बन भरावा आणि मग त्याच्या कडेपर्यंत ग्रॅफाइटच्या छटा आणून भिडवाव्यात. हा क्रम पाळला तर दोन्ही पेन्सिली एकाच चित्रात सुखाने नांदतात.

त्या तशा नांदाव्यात असाच माझा आग्रह आहे, कारण चेहऱ्यासाठी लुमोग्राफ ब्लॅक मला पुरेशी वाटत नाही. गालाची गोलाई, पापणीखालची सावली, म्हाताऱ्या हाताची कातडी या ठिकाणी छटा इतक्या हळूहळू बदलाव्या लागतात की कार्बनची पेन्सिल तेथे उतावळी ठरते. निळ्या लुमोग्राफचे एच ते बी हे ग्रेड या कामाला अतिशय उत्तम आहेत, आणि फिकट छटांत ग्रॅफाइटची चमक फारशी जाणवतही नाही, कारण तेथे थर पातळ असतो. डोळ्याची बाहुली, नाकपुडी, ओठांमधली फट आणि केसांचा सर्वांत गडद भाग एवढ्या मोजक्या जागी काळी पेन्सिल टेकवली, तरी संपूर्ण चेहऱ्याला नेमके वजन येते.

कागदाची निवडही या पेन्सिलीच्या स्वभावाप्रमाणे करावी लागते. खरखरीत कागदावर कार्बन छान पकडतो, पण कागदाच्या खळग्यांत बारीक पांढरे ठिपके उरतात. स्थिर चित्रात हे ठिपके देखणे दिसतात, त्यांनी रेखाटनाला पोत येतो. कॅमेरा चित्रावरून सरकू लागला की मात्र हेच ठिपके लुकलुकू लागतात, आणि इंटरनेटवर चढवताना चित्रफितीचे कॉम्प्रेशन झाले की त्यांचे चौकोनी तुकडे बनतात. साधारण १८० ते २०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा), अंगाला किंचित खडबडीत पण एकंदरीत सपाट असा कागद मला सर्वांत योग्य वाटला. अगदी गुळगुळीत कागद घेतल्यास कार्बनला धरायला काही मिळत नाही आणि तो काळा होण्याऐवजी पसरत राहतो.

चित्राच्या मापाचा हिशेब आधीच केला, तर पुढची बरीच धावपळ वाचते. बहुतेक लघुपट १६:९ या प्रमाणात होतात. ए४ कागद आडवा धरून त्यावर २५६ बाय १४४ मिलिमीटरची चौकट आखली, तर ती बरोबर त्या प्रमाणात बसते आणि चारही बाजूंना हात टेकवायला जागा उरते. ही चौकट ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या सूक्ष्मतेने, स्कॅन केली की रुंदीत सुमारे ३०२४ पिक्सेल मिळतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या एचडी लघुपटासाठी ते पुरतात आणि चित्र दीडपटीपर्यंत जवळही नेता येते. लघुपट ३८४० पिक्सेल रुंदीच्या ४के मापात होणार असेल, तर ३०० डीपीआय अपुरे पडते आणि तेथे ६०० डीपीआयनेच स्कॅन करावे. फलाटाच्या दृश्याप्रमाणे कॅमेरा खूप जवळ जाणार असेल, तर स्कॅनरवर भार टाकण्यापेक्षा चित्रच ए३ कागदावर काढावे. रेषा मोठी केली की तिच्यातील रवाळपणाही मोठा होतो, आणि जवळून पाहिलेली ८बीची रेषा सुटी सुटी, भुरभुरीत दिसते.

स्कॅनरमध्ये आपोआप उजेड आणि कॉन्ट्रास्ट ठरवणारी सोय असते, ती बंद ठेवणे अत्यावश्यक आहे. या पेन्सिलीचा काळा इतका दाट असतो की गडद चित्र आले की स्कॅनर स्वतःच उजळपणा वाढवतो आणि फिकट चित्र आले की कमी करतो. मग एका चित्रातला कागद पांढरा, तर पुढच्यातला राखाडी निघतो आणि चित्र बदलताच पडदा मिचकावल्यासारखा वाटतो. सर्व चित्रे एकाच मांडणीवर, शक्य तर १६ बिट ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या रंगाच्या जास्तीत जास्त छटा टिपणाऱ्या मांडणीत, स्कॅन करावीत. चित्र ए३ मापाचे असेल आणि कॅमेऱ्यानेच टिपायचे असेल, तर दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावावेत. ग्रॅफाइटच्या चित्राला एवढ्यानेही चमक जात नाही, तेथे दिव्यांवर आणि लेन्सवर एकमेकींशी काटकोनात ध्रुवक काचा (चकाकीचा प्रकाश अडवणाऱ्या काचा) लावण्याचा खटाटोप करावा लागतो. लुमोग्राफ ब्लॅकच्या चित्राला त्याची गरज पडत नाही, आणि मर्यादित साधनांत लघुपट करणाऱ्यांसाठी हा मोठाच दिलासा आहे.

काही प्रसंगांत मित्राला चित्र स्थिर असूनही जिवंत वाटायला हवे होते. यासाठी तेच चित्र तीन वेळा गिरवून त्या प्रती आळीपाळीने दाखवण्याची ॲनिमेशनमधली जुनी रीत आहे. सेकंदाला २४ चौकटींपैकी प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले, की रेषा श्वास घेतल्यासारखी हलते. येथे पेन्सिलीच्या झिजण्याला फार महत्त्व येते. ८बीने गिरवताना पहिल्या प्रतीची रेषा बारीक आणि तिसरीची जाड होते, त्यामुळे रेषा थरथरण्याऐवजी धडधडू लागते. २बीने मात्र हे काम अतिशय सुरेख होते. तिचे टोक बराच वेळ टिकते, रेषेचा काळेपणा तिन्ही प्रतींत सारखा राहतो आणि थरथर नाजूक दिसते. ज्या चित्रांना ही हालचाल द्यायची आहे, त्यांत मोठे काळे भाग ठेवूच नयेत, किंवा ते एकाच प्रतीत भरून संगणकावर तिन्ही चित्रांखाली वेगळा थर म्हणून ठेवावेत.

दाट काळ्याचा एक परिणाम दिग्दर्शकानेही लक्षात घ्यावा असा आहे. कॅमेरा चित्रावरून आडवा सरकतो तेव्हा काळ्या आणि पांढऱ्यातला फरक जितका तीव्र, तितके चित्र जास्त अडखळत सरकल्यासारखे वाटते. छायालेखकांमध्ये असा ठोकताळा आहे की २४ चौकटींच्या गतीत एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सुमारे ७ सेकंद लागावेत. फिकट ग्रॅफाइटच्या चित्रात यापेक्षा थोडी घाई खपून जाते, कार्बनच्या चित्रात खपत नाही. खांबांची रांग, खिडकीचे गज अशा उभ्या काळ्या रेषांत तर हे लगेच दिसते. म्हणून आमच्या लघुपटात गजांच्या चित्रावरून कॅमेरा सरकवण्याचा बेत सोडून तो सरळ आत नेला, आणि ते दृश्य अधिक शांत, अधिक परिणामकारक झाले.

हात फिरला की कार्बन पसरतो. कोळशाइतका नाही, पण ग्रॅफाइटपेक्षा निश्चितच अधिक. चित्र काढताना हाताखाली स्वच्छ कागद ठेवावा आणि पूर्ण झालेल्या चित्रांमध्ये ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद घालून ती सपाट ठेवावीत. फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसले जाऊ नये म्हणून मारायचा फवारा, वापरल्यास छटा किंचित गडद होतात, म्हणून काही चित्रे फवारलेली आणि काही न फवारलेली असा प्रकार करू नये. मी आधी स्कॅन करून नंतर, मोकळ्या हवेत, फवारणी करणे पसंत करतो. लघुपटाच्या दृष्टीने स्कॅन झालेली प्रत हीच मूळ प्रत असते.

पर्याय अर्थातच आहेत. काळी शाई याहून काळी असते, पण तिच्यात अंधाराच्या पायऱ्या पेन्सिलीइतक्या सहज दाखवता येत नाहीत. कोळसा पायऱ्या दाखवतो, पण ए४ मापात बारीक काम करायला तो अवघड जातो. फाबर-कास्टेलच्या पिट ग्रॅफाइट मॅट पेन्सिलीही चमक कमी ठेवण्याच्या याच हेतूने बनवलेल्या आहेत आणि १४बीपर्यंत मिळतात, ग्रॅफाइटच्या जवळचा हात हवा असणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. डिजिटल टॅबलेटवर काढले तर चमकेचा, खोडण्याचा आणि स्कॅनिंगचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि माणूस, बाक, मागची भिंत हे वेगवेगळ्या थरांत असल्यामुळे दिग्दर्शकाला ते हवे तसे हलवता येतात. कागदावरही हे अशक्य नाही. मुलीचे चित्र वेगळ्या कागदावर काढून संगणकावर कापून घेता येते, मात्र कार्बनच्या भुरभुरीत कडा कापताना बाह्यरेषा २बीने बंद करून ठेवावी लागते. आमच्या लघुपटात आठवणी एका विशिष्ट माणसाने वहीत जपून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे कागदाचा तंतू आणि हाताचा दाब पडद्यावर दिसणे कथेलाच आवश्यक होते.

ज्यांना एकदम सहाही ग्रेडांची पेटी घ्यायची नाही, त्यांनी २बी, ४बी आणि ८बी या तीन सुट्या पेन्सिली घ्याव्यात, जोडीला निळ्या लुमोग्राफच्या २एच आणि बी ठेवाव्यात. एवढ्यात संपूर्ण लघुपटाची चित्रे होतात, फक्त ८बी एकापेक्षा जास्त लागतील. आणि मित्राला चित्रे पडद्यावर दाखवायची नसून चित्रणापूर्वी दृश्ये ठरवण्यासाठी केवळ स्टोरीबोर्ड हवा असेल, तर या पेन्सिली आणण्याचे काहीच कारण नाही. ती चित्रे पटकन काढायची, पटकन खोडायची आणि निम्मी फेकून द्यायची असतात. त्यासाठी घरात असलेली कोणतीही एचबी पेन्सिल आणि चांगला खोडरबर पुरेसा आहे.